आधी पायांना शिकू द्या

हलकं, दोन आसनांचं, कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेलं आणि शेपटीखाली चाक असलेलं विमान उड्डाण शिकायला उत्तम, असं विमानांशी संबंधित चार माणसांत म्हणून पाहावं. तिघं तरी लगेच अंगावर येतात. शेपटीचं चाक ही पणजोबांच्या काळातली गोष्ट, आता सगळी विमानं नाकाखाली चाक घेऊनच येतात. शेपटीच्या चाकाचं विमान, म्हणजे टेलड्रॅगर, जमिनीवर गर्रकन फिरतं, पंख घासतं, प्रॉपेलर मोडतो. त्यातून ते घरी बांधलेलं असेल तर तो जुगाडच, जिवाशी खेळ. आणि पुढे एअरबसच चालवायची असेल तर पायांनी रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबायचा सराव करून मिळवायचं काय? तेवढ्या पैशांत सिम्युलेटरचे तास पदरात पडतील.

हे मत इतकं अंगवळणी पडलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. पालक ते ऐकतात, प्रशिक्षण संस्था त्यावर आपला ताफा ठरवतात, आणि ज्याने टेलड्रॅगरला कधी हातही लावलेला नाही असा शिकाऊ वैमानिक ते पुढच्या बॅचला सांगतो. ते चुकीचं आहे, आणि ज्या मुद्द्यांवर ते उभं आहे त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा उलट्या बाजूने धरलेला आहे.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण भीती तिथलीच आहे. टेलड्रॅगरची दोन मुख्य चाकं पुढे असतात आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. नाकाखाली चाक असलेल्या, म्हणजे नोजव्हीलच्या, विमानात नेमकं उलट. उतरताना नाक जरासं डावीकडे वळलेलं असेल तर नोजव्हीलच्या विमानात मुख्य चाकांचं घर्षण ते आपोआप सरळ करतं. टेलड्रॅगरमध्ये तेच घर्षण वळण वाढवतं. मागचं वजन पुढे यायला बघतं, शेपूट बाहेर फेकली जाते, आणि वैमानिक गाफील असेल तर विमान स्वतःभोवती फिरून थांबतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. तळहातावर उभी काठी तोलताना हात सतत हलता ठेवावा लागतो, तसे इथे पाय. इथपर्यंत टीकाकारांचं म्हणणं खरं आहे.

पण मग नाक वाकडं आलंच कसं? ते चाकाने वाकडं केलेलं नसतं. वारा बाजूचा होता, विमान सरकत होतं आणि वैमानिकाला ते कळलं नाही, किंवा कळूनही त्याने पाय हलवला नाही. ही चूक दोन्ही प्रकारच्या विमानांत सारखीच घडते. एकात ती लगेच दिसते. दुसऱ्यात टायर थोडे किंचाळतात, विमान झटका देऊन सरळ होतं, आणि शिकाऊ मुलगा समजतो की आपलं लँडिंग बरं झालं. असं पन्नास वेळा घडलं की ती त्याची सवय होते. चूक झाकणारं विमान शिकण्यासाठी चांगलं, हा न्याय दुसऱ्या कोणत्या विद्येत लागू होतो?

टेलड्रॅगरचं उतरणं जवळून पाहायला हवं. विमान धावपट्टीपासून हातभर उंचीवर तरंगतं आहे, थ्रॉटल बंद, स्टिक हळूहळू पोटाशी येते आहे. नाक वर उचललेलं, त्यामुळे समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. दिसतात त्या तिच्या दोन कडा, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून. उजवीकडची पट्टी रुंद होऊ लागली आणि डावीकडची आक्रसली, म्हणजे विमान डावीकडे सरकतं आहे. तिन्ही चाकं एकदम टेकतात. नवख्याला वाटतं, सुटलो. खरं काम आता सुरू होतं. पाय थोडा दाबायचा आणि लगेच सोडायचा. दाबून धरला तर नाक दुसऱ्या बाजूला पळतं आणि दुसऱ्या पायाला धावावं लागतं. वेग उतरतो तसा रडरवरून वाहणारा वारा मंदावतो, त्याची ताकद घटते, म्हणून पायांची हालचाल मोठी होत जाते. स्टिक पोटाशी घट्ट धरलेली, म्हणजे शेपटीचं चाक जमिनीवर दाबून राहतं. वारा ज्या बाजूचा, स्टिक त्या बाजूला कललेली. विमान थांबून दोरांनी बांधून होईपर्यंत उड्डाण संपलेलं नसतं.

उड्डाण घेतानाही तेच. वेग आला की शेपूट उचलायची, आणि ती उचलताना फिरता प्रॉपेलर जायरोस्कोपसारखा वागतो. बहुतेक अमेरिकन इंजिनांच्या विमानात नाक त्या क्षणी डावीकडे ओढलं जातं. उजव्या पायाला हे आधीच माहीत असावं लागतं. पुस्तकातला जायरोस्कोपचा धडा पाठ करून परीक्षेत पूर्ण गुण मिळतात, पण पायाला तो कळतो तो इथे, पहिल्याच सकाळी.

आता धोक्याबद्दल. ग्राउंड लूप हा खर्चिक अपघात आहे. पंखाचं टोक, चाकांचा सांगाडा, प्रॉपेलर असं नुकसान होतं, आणि माणसं बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी बाहेर येतात. लहान विमानांत माणसं मरतात ती प्रामुख्याने हवेत ताबा सुटल्याने, आणि त्यातला सर्वांत ओळखीचा प्रसंग घडतो धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना. वळण उशिरा घेतलं, विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे निघालं. कमी उंचीवर जास्त कलायची भीती वाटते, म्हणून वैमानिक आतल्या बाजूचा रडर दाबून नाक फिरवू बघतो. कल वाढायला लागतो, तो रोखायला स्टिक उलट बाजूला जाते. नाक खाली झुकतं, ते उचलायला स्टिक मागे ओढली जाते. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, आणि विमान त्याच बाजूला उलटतं. चार-पाचशे फुटांवर त्यातून सावरायला जागाच नसते. ही चूक मुळात पायाची आहे. पायाने काय केलं हे वैमानिकाला जाणवलंच नाही, कारण इतके तास त्याचे पाय पेडलवर नुसते टेकलेले होते. ज्याचे पाय पहिल्या तासापासून जागे आहेत त्याला इथे चुकीची चाहूल आधी लागते. मग धोकादायक कोणतं विमान? जमिनीवर पंख घासून धडा देणारं, की तो धडा न देताच चार-पाचशे फुटांवर नेऊन सोडणारं?

आणि आदळण्याचा हिशेबही मांडायला हरकत नाही. पायपर जे-३ क्यूब हे जुनं, ६५ अश्वशक्तीचं टेलड्रॅगर माणसांसकट साधारण ५५० किलो भरतं आणि ताशी ६० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं. आजच्या प्रशिक्षण संस्थांत सर्रास दिसणारं सेसना १७२ याच्या दुप्पट वजनाचं आणि जवळजवळ दीडपट वेगाने टेकणारं. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती चौपटीच्या आसपास जाते. घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांतली पुष्कळशी क्यूबच्याच घराण्यातली आहेत: पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, मंद वेग. पंख घडी करून ट्रेलरवर घरी नेता येणारं किटफॉक्स त्यातलंच. सगळी होमबिल्ट अशी नसतात, काही फार वेगवान असतात, आणि ती नवशिक्याच्या हाती देऊ नयेत. पण वेगवान विमानाचा दाखला देऊन मंद विमानाला दोषी ठरवणं हा वाद नव्हे.

कालबाह्य म्हणणाऱ्यांनी नोजव्हील आलं कसं हे पाहावं. सेसना कंपनीची १४० आणि १७० ही टेलड्रॅगर होती. १९५६ साली १७२ आलं, आणि त्याच्या नव्या चाकांची जाहिरात कंपनीने ‘लँड-ओ-मॅटिक’ या नावाने केली. मोटार चालवणाऱ्या गृहस्थाला विमानही तितकंच सोपं वाटावं आणि त्याने ते विकत घ्यावं, हा त्यामागचा विचार. विक्रीसाठी तो योग्यच होता. भाड्याने विमान देणाऱ्यांना, विमा कंपन्यांना तो सोयीचा ठरला आणि जगभर पसरला. सोय ही सोय आहे. ती शिक्षणशास्त्र कधीपासून झाली?

शिवाय टेलड्रॅगर गेलं कुठे? अलास्कात नदीकाठच्या गोट्यांवर उतरणारी सुपर क्यूब, एरोबॅटिक्सच्या स्पर्धांत दिसणारी पिट्स आणि एक्स्ट्रा ही विमानं टेलड्रॅगरच आहेत. नाकाखालचं चाक खडबडीत जागी सर्वांत आधी मोडतं, आणि शेपूट खाली असली की प्रॉपेलर जमिनीपासून उंच राहतो. हे जुन्याचं प्रेम नाही, हा कामाचा हिशेब आहे.

आपल्याकडचा इतिहास तर या मताला उघडउघड खोटं पाडतो. जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये मॉथ विमानावर शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात पात्र ठरलेले पहिले वैमानिक झाले. त्या मॉथच्या शेपटीखाली धड चाकही नव्हतं, नुसता घासत जाणारा टेकू होता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणारी डकोटा, २४ मे १९४८ रोजी हवाई दलाच्या मेहेर सिंग यांनी लेहच्या दहा हजार फुटांहून उंच कच्च्या पट्टीवर उतरवलेली डकोटा, दोन्ही शेपटीच्या चाकावरची. आणि भारताने स्वतः आखलेलं पहिलं प्रशिक्षण विमान कोणतं? एचटी-२. ते साकारणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. आधुनिक वायुगतिशास्त्र ज्या माणसाने घडवलं त्याच्याकडून ते शिकून आलेले घाटगे. एचटी-२ १९५१ साली उडालं तेव्हा नोजव्हील जगाला अपरिचित नव्हतं. अमेरिकेत अर्कूप हे नाकाखाली चाक असलेलं, रडरचे पेडलही नसलेलं विमान १९४० पासून विकलं जात होतं. तरीही आपल्या हवाई दलाच्या नवशिक्यांसाठी बंगळुरूत तयार झालं ते टेलड्रॅगर, आणि पुढची काही दशकं हवाई दलाच्या मुलांनी त्यावर पहिली झेप घेतली. १९५८ साली हिंदुस्थान एअरक्राफ्टचं पुष्पक आलं, कापडी पंखांचं, दोघांनी शेजारीशेजारी बसायचं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत मुलं त्यावर शिकली. तेही टेलड्रॅगर. १९७१ च्या युद्धात लढलेल्या वैमानिकांपैकी बहुतेकांचे पाय अशाच एखाद्या विमानावर तयार झाले होते. त्यांना जे जमलं ते आजच्या विशीतल्या मुलांना जमणार नाही, असं कोणत्या आधारावर ठरवलं जातं?

अमेरिकेनेही एकदा हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू झालेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेत १९४४ पर्यंत चार लाखांहून अधिक लोक उड्डाण शिकले. त्यात कॉलेजची मुलं होती, मुलीही होत्या. त्यातले कितीतरी पायपर क्यूबवर तयार झाले. ही काही निवडक, जन्मजात हुशार माणसं नव्हती.

आता राहिला ‘जुगाडा’चा आरोप. घरी बांधलेलं विमान म्हणजे भंगारातून जोडलेलं काहीतरी, ही कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी एकदा एखादं बांधकाम चालू असताना जाऊन पाहावं. ठरलेल्या मानकाचे विमानी बोल्ट, प्रत्येक नटला कॉटर पिन किंवा तारेचा पीळ, क्रोमोली पोलादाच्या नळ्या, इस्त्रीच्या मोजलेल्या तापमानाने ताणलेलं पॉलिस्टरचं कापड, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो लावलेली नोंदवही. अमेरिकेत अशा विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असावा लागतो. मग तपासणी होते. त्यानंतर इंजिन-प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास ठरावीक क्षेत्रात, वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता चाचणीची उड्डाणं. दारापाशी ‘एक्स्पेरिमेंटल’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक कापड चढवण्याआधी आतला सांगाडा पाहतो. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावच्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली मोटारीचं फोर्ड मॉडेल-ए इंजिन लावून एअर कॅम्पर उडवलं. त्याच आराखड्यावरून माणसं आजही ते बांधतात आणि उडवतात. शंभर वर्षांजवळ आलेल्या आराखड्याला जुगाड म्हणायचं असेल तर तो शब्द तरी तपासून वापरावा.

इथे टीकाकार हमखास हेन्री मिन्ये यांच्या ‘फ्लाइंग फ्ली’चा दाखला देतात. फ्रान्समधल्या या माणसाने १९३० च्या दशकात लोकांना घरी बांधता येईल असं चिमुकलं विमान दिलं, युरोपभर ते बांधलं गेलं, आणि १९३५-३६ मध्ये एकामागून एक माणसं त्यात मेली. पुढचा पंख आणि मागचा पंख यांच्यातल्या हवेच्या परस्परपरिणामामुळे विमान अशा सुरात जात होतं की ते परत वर उचलता येत नव्हतं. हे वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांत सापडलं आणि त्यावर बंदी आली. यातून काय सिद्ध होतं? आराखडा चुकीचा होता, हे. तो चुकीचा आहे हे शोधण्याची पद्धत होती, हेही. ते विमान कारखान्यात बांधलं असतं तरी पडलंच असतं.

आकड्यांपासून पळायचं कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली हौशी बांधणीच्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं सुमारे १० टक्के, पण २०११ च्या अपघातांत सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. टीकाकार इथे थांबतात आणि पुस्तक मिटतात. पुढची पानं वाचली तर कारणं दिसतात: इंजिन आणि इंधनव्यवस्थेतले बिघाड, हवेत ताबा सुटणं, आणि विशेष म्हणजे अपघातांचा मोठा वाटा विमानाच्या पहिल्या काही तासांतला, किंवा वापरलेलं विमान विकत घेणाऱ्या नव्या मालकाच्या हातचा. म्हणजे धोका ज्याला ते विमान माहीत नाही त्याच्या बाजूला आहे. यावर उपाय प्रशिक्षण हाच आहे, आणि मंडळाच्या शिफारशींतही तो आहे. चाचणीचे तास अनुभवी वैमानिकाने संपवलेलं, दोन्हीकडे कंट्रोल असलेलं, शेजारी टेलव्हीलचा जाणकार इन्स्ट्रक्टर बसलेला, असं विमान शिकायला घेणं आणि कुणी एकट्यानेच बांधून एकट्यानेच आकाशात झेप घेणं, या दोन गोष्टी एकच आहेत असं भासवणं अप्रामाणिक आहे.

बांधण्याचं शिक्षण तर टीकाकारांच्या हिशेबातच नसतं. ज्याने एलरॉनची (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपेची) केबल स्वतः ओवली आहे, तो उड्डाणापूर्वीच्या तपासणीत स्टिक हलवून एलरॉनकडे पाहतो तेव्हा मधल्या प्रत्येक पुलीतून केबल जाताना त्याला मनात दिसते. शेपटीच्या चाकाच्या स्प्रिंगला बारीक तडा गेला आहे का, हे तो गुडघे टेकून, बोट फिरवून पाहतो. प्रशिक्षण संस्थेत सकाळच्या घाईत कागदावर खुणा करून कॉकपिटमध्ये चढणाऱ्या मुलाला हे कोण शिकवणार?

उरलेला मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येणारा: मोठ्या विमानात याचा उपयोग काय? २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेत असतानाच इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली. कप्तान बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर येताना उंची जास्त राहिली, तेव्हा त्यांनी रडर एका बाजूला आणि एलरॉन दुसऱ्या बाजूला देऊन त्या अवाढव्य विमानाला साइडस्लिपमध्ये घातलं आणि उंची खाली आणली. विमानातली सगळीच्या सगळी, ६९ माणसं वाचली. ही युक्ती ७६७ च्या प्रशिक्षणातली नव्हती, ती हलक्या विमानांची. उलट ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला, स्वच्छ हवेत, एशियानाचं बोइंग ७७७ धावपट्टीआधीच्या बांधावर आदळलं आणि तिघं दगावली. नजरेने उतरायचं होतं. ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतं आहे अशी समजूत राहिली आणि वेग घसरत गेला. टेलड्रॅगरवर शिकलेल्या माणसाच्या हातून हे घडलंच नसतं, असा दावा कुणी करू नये. पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या विमान प्रशासनाने विमान कंपन्यांना लेखी सांगितलं होतं की वैमानिकांना हाताने उडवण्याची संधी जास्त द्या, हे कशासाठी? आणि आजही बाजूच्या वाऱ्यात मोठं विमान टेकण्याच्या क्षणी पायानेच सरळ करावं लागतं. ते संगणक करून देईल असं समजून कॉकपिटमध्ये बसणाऱ्याच्या मागे दीडशे-दोनशे प्रवासी बसलेले असतात.

तास जास्त लागतात, हे मान्य. सोलोला, म्हणजे एकट्याने उडण्याला, काही तास उशीर होतो. अमेरिकेत १९९१ पासून टेलव्हीलसाठी वेगळी नोंद लागते, पण तिच्यासाठी किमान तास ठरवलेले नाहीत. साधं आणि बाजूच्या वाऱ्यातलं उड्डाण, उतरणं, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या दोन चाकांवर टेकणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) यांत इन्स्ट्रक्टरची खात्री पटली पाहिजे. तासांऐवजी कौशल्य मोजण्याच्या या तत्त्वात चूक शोधून दाखवावी.

आपल्याकडे व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. पालक कर्ज काढून ते भरतात. त्यातले पहिले दहा तास टेलड्रॅगरवर घालायला बारामती, धुळे, गोंदियाच्या धावपट्ट्यांवर जागा नाही का? प्रत्येक संस्थेकडे असं एक विमान आणि ते शिकवू शकणारा एक इन्स्ट्रक्टर हवा. आणि हौशी बांधणीचं काय? कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईने डोळ्यांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंद झाली, उड्डाण-चाचणीची परवानगी २०१९ मध्ये आली. म्हणजे माणसं बांधायला तयार आहेत. त्यांना लागतो तो टप्प्याटप्प्याने तपासणारा निरीक्षक, चाचणीसाठी ठरवून दिलेलं क्षेत्र, आणि वर्षानुवर्षं न लांबणारी प्रक्रिया. विमान अभियांत्रिकी शिकवणाऱ्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मॉडेलऐवजी असं एक खरं, दोन आसनी टेलड्रॅगर बांधून घ्यावं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते तपासावं, जाणत्या वैमानिकाने त्याचे चाचणीचे तास पूर्ण करावेत आणि मग त्याच मुलांनी त्यावर शिकावं. हे धोक्याचं वाटणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: बाजूच्या वाऱ्यात कोणता पाय किती दाबायचा हे ज्याला कधी कळलंच नाही, त्याला दोनशे तासांची सही देऊन प्रवाशांच्या विमानात बसवणं सुरक्षित कसं?